गाडीचा गेर जड पडतो? आधी दोष ओळखा, मग पाना उचला



बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम हे आपले नेहमीचे विषय. या वेळी आम्ही विषय थोडा निराळा घेतला आहे, पण तोही आपल्या रोजच्या व्यवहारातलाच आहे. आज पुष्कळ सभासदांच्या दारात चारचाकी उभी आहे. कोणाकडे जुनी जीप आहे, कोणाकडे पिकअप, तर कोणी मुलाच्या हट्टापायी लहान मोटार घेतली आहे. ही गाडी कारखान्यावर येते, तेल्हाऱ्याच्या बाजाराला जाते, शेगावला दर्शनाला जाते. वेळप्रसंगी रात्री-अपरात्री घरातला पेशंट घेऊन अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाची वाटही तीच धरते. अशा वेळी गाडी फाट्यावर उभी राहावी आणि चालवणाऱ्याने म्हणावे, "गेरच नाही पडून राह्यला भाऊ", तर काय अवस्था होते ते वेगळे सांगायला नको.

गेर जड पडणे ही तक्रार आमच्या कानावर वरचेवर येते. आणि तिच्या पाठोपाठ निकालही येतो, "गेर बॉक्स गेला". गाडी गॅरेजला लागते, पेटी उतरते, पेटी उघडते, बिल हजारांत जाते. पुष्कळदा मात्र खरा दोष पेटीच्या बाहेरच असतो. क्लचची वायर ढिली असते, पेडलखाली पायपुसणे अडकलेले असते, नाहीतर तेल चुकीचे भरलेले असते. म्हणून या पाठात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. गेर जड पडला की जोर लावायचा नाही आणि पेटीही उघडायची नाही. आधी तपासायचे. या तपासणीतला पहिला आणि सर्वांत मोठा भाग घरच्या अंगणात, एक पैसा न खर्चता, दहा मिनिटांत होतो.

गेर पडतो म्हणजे काय होते?

तपासणी कळायची तर आत काय चालते ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. इंजिन सतत फिरत असते. चाके कधी थांबलेली, कधी हळू, कधी जोरात. या दोघांच्या मध्ये दोन वस्तू बसवलेल्या असतात. पहिली क्लच आणि दुसरी गेरची पेटी.

क्लचचे काम इंजिन आणि पेटी यांना जोडण्याचे व तोडण्याचे. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील फिरत असते. तिच्यावर क्लच प्लेट चिकटून असते आणि प्रेशर प्लेट तिला मागून दाबून धरते. आपण पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटचा दाब काढून घेते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचे फिरणे पेटीपर्यंत पोचत नाही. पेडल सोडले की पुन्हा चिकटते.

पेटीमध्ये लहान-मोठी दातेरी चाके असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आतला काटा एक कडे सरकवतो आणि ते कडे हव्या त्या चाकाच्या दातांत जाऊन बसते. अडचण अशी, की कडे एका वेगाने फिरत असते आणि चाक दुसऱ्या वेगाने. दोघांचा वेग सारखा झाल्याशिवाय दात दातात बसत नाहीत, नुसती करकर होते.

चालत्या बंडीत चढायचे असेल तर आपण काय करतो? बंडीच्या बरोबरीने चार पावले पळतो आणि मग उडी मारून बसतो. उभ्या उभ्या चढायला गेलो तर तोंडावर पडतो. गेरचेही तसेच आहे. दात बसण्याआधी वेग सारखा करण्याचे काम पेटीतली एक पितळी रिंग करते. तिला सिंक्रो रिंग म्हणतात. ती चाकाच्या उतरत्या तोंडावर घासून दोघांचा वेग एक करते आणि मग कडे अलगद आत जाते. अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही सोय प्रथम आली.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ती सगळ्या गेरांना नव्हती. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या महिंद्रा कंपनीने ज्या विलीज जातीच्या जीपगाड्या आणल्या, त्यांच्या तीन गेरांपैकी पहिल्याला सिंक्रो रिंग नसे. जुन्या अँबेसेडर आणि फियाट गाड्यांचा पहिला गेरही तसाच. त्यामुळे ज्यांनी जीप चालवली आहे ते जाणते लोक गाडी पूर्ण उभी केल्याशिवाय पहिला टाकत नसत. आजही कोणाकडे तशी जुनी जीप असेल आणि चालत्या गाडीत पहिला गेर करकरत असेल, तर तो दोष नव्हे. त्या गाडीचा तो स्वभाव आहे.

आजच्या गाड्यांत पुढच्या सर्व गेरांना सिंक्रो रिंग असते. मागचा गेर, म्हणजे रिव्हर्स, पुष्कळ गाड्यांत अजून तिच्याविना असतो. हे लक्षात असू द्या, कारण पुढच्या तपासणीत याचाच उपयोग होणार आहे.

पहिली तपासणी : इंजिन बंद, मग इंजिन चालू

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवा. क्लच पूर्ण दाबून एकेक गेर सावकाश टाकून पाहा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, असेल तर पाचवा आणि शेवटी रिव्हर्स. उभ्या गाडीत कधीकधी दातावर दात येतो आणि पहिला किंवा रिव्हर्स अडतो. तसे झाले तर क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा हँडब्रेक काढून गाडी वीतभर ढकला आणि परत टाका. एकदा अडला म्हणून लगेच निकाल देऊ नका.

आता गेर न्यूट्रलमध्ये आणून इंजिन चालू करा. रेस देऊ नका. गाडीच्या पुढे-मागे माणूस, पोर, जनावर कोणी नाही याची खात्री करा. क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि तेच गेर पुन्हा टाकून पाहा.

या दोन फेऱ्यांतून तीनपैकी एक उत्तर मिळते.

(अ) इंजिन बंद असताना गेर लोण्यासारखे पडतात, पण इंजिन चालू केले की जड पडतात. याचा अर्थ पेटी बहुधा ठीक आहे. क्लच पूर्ण सुटत नाही.

(आ) इंजिन बंद असो वा चालू, दोन्ही वेळा गेर जडच पडतात. याचा अर्थ दोष दांड्यापासून पेटीपर्यंतच्या जोडणीत, पेटीच्या तेलात किंवा पेटीच्या आत आहे.

(इ) उभ्या गाडीत दोन्ही वेळा सगळे ठीक आहे, पण रस्त्यावर चालताना एखादाच गेर करकरतो. याचा अर्थ त्या एका गेरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याचा संभव आहे.

एवढे कळले म्हणजे अर्धी लढाई जिंकली. पुढे ज्याला जे उत्तर मिळाले असेल त्याने तो भाग नीट वाचावा.

रिव्हर्सची परीक्षा

(अ) उत्तर आले असेल तर ते पक्के करण्यासाठी आणखी एक परीक्षा आहे. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबलेला. पाच आकडे मोजून रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात पेटीतली चाके थांबलेली असतात आणि गेर मुकाट्याने पडतो. पाच आकडे मोजूनही करकर होत असेल तर पेटीत इंजिनाचे फिरणे अजून पोचते आहे, म्हणजे क्लच घसटतो आहे. क्लच दाबल्या दाबल्या लगेच रिव्हर्स टाकला आणि करकर झाली, तर मात्र तो गाडीचा दोष नाही, आपली घाई आहे.

गेर टाकताना क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू पाहते, हिसका देते, हीसुद्धा क्लच न सुटण्याचीच खूण.

क्लच सुटत नसेल तर काय पाहायचे?

स्वस्तापासून महागाकडे जायचे, हा नियम पाळा.

१) पायाखाली पाहा. हसू नका. गाडीत टाकलेले जाड पायपुसणे, गोणपाट किंवा दुहेरी मॅट पेडलखाली गोळा होते आणि पेडल पूर्ण खाली जात नाही. शेतातून आल्यावर काळ्या मातीचा गोळा वाळून तिथेच बसलेला असतो. तो काढा आणि पुन्हा गेर टाकून पाहा.

२) पेडलची मोकळी चाल मोजा. पेडल हाताने हलके दाबा. सुरुवातीला ते काही जोर न लागता थोडे खाली जाते आणि मग जड लागते. ही मोकळी चाल. वायरवर चालणाऱ्या क्लचमध्ये ती साधारण १५ ते २५ मिलिमीटर, म्हणजे बोटभर असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात दिलेला असतो, तोच खरा मानावा. चाल फार वाढली असेल तर पेडल तळाला गेले तरी क्लच पुरता सुटत नाही आणि गेर जड पडतो. वायरच्या टोकाला नट असतो, तो फिरवून चाल बेताची करता येते. मात्र चाल पार शून्यावर आणू नका. तसे केले तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून खराब होते आणि क्लच प्लेट घसरू लागते. काही गाड्यांत वायर आपोआप जुळून येते, तिथे हात लावू नये.

३) क्लच वायर तपासा. टोकाशी तारेचे धागे तुटून पिंजले आहेत काय? आवरणात गंज चढला आहे काय? पेडल खरखरत खाली जाते आणि सावकाश वर येते काय? तसे असेल तर वायर बदला. आपल्या तेल्हारा-अकोट भागाचा बराच मोठा पट्टा खारपाणाचा आहे हे आपल्याला माहीत आहेच. त्या विहिरीच्या पाण्याने पीक जळते, तसे लोखंडही गंजते. गाडी रोज खाऱ्या पाण्याने धुतली की क्लच वायर, गेरच्या सळ्या आणि त्यांचे सांधे आधी धरतात. शक्य असेल तिथे गाडी गोड्या पाण्याने धुवावी. ते मिळत नसेल तर खालून खाऱ्या पाण्याचा फवारा तरी मारू नये.

४) तेलावर चालणारा क्लच असेल तर डबीतले तेल पाहा. पुष्कळ नव्या गाड्यांत वायर नसते. पेडलचा दाब नळीतल्या तेलातून खाली पोचतो. पेडलच्या वर मास्टर सिलिंडर आणि पेटीजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो. क्लच पेडल भराभर तीन-चार वेळा मारून लगेच गेर टाका. आता गेर सहज पडला, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर खराब झाले आहे असे समजावे. डबीतली पातळी कमी असेल तर नुसते तेल ओतून भागत नाही, ते गेले कुठे ते शोधा. पेडलच्या मुळाशी किंवा स्लेव्ह सिलिंडरजवळ ओल दिसेल. रबर बदलून, हवा काढून घेतली की काम होते. या डबीत ब्रेक ऑइलच चालते, आणि तेही झाकणावर लिहिलेल्या जातीचे, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलचा एक थेंबही तिथे जाता कामा नये. त्याने रबरे फुगतात आणि क्लच, काही गाड्यांत ब्रेकसुद्धा, निकामी होतो. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खाते.

५) वरचे सगळे ठीक असेल तरच आतला दोष धरावा. प्रेशर प्लेटची बोटे झिजली, काटा वाकला, क्लच प्लेट तिरकी झाली, तिच्या खाचा गंजून ती शाफ्टवर सरकेनाशी झाली, अथवा फ्लायव्हीलच्या मध्यभागीचे पायलट बेअरिंग धरले, तर क्लच सुटत नाही. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर गंजाने क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसण्याचेही प्रकार होतात. ही कामे मिस्त्रीचीच, आणि त्यासाठी पेटी खाली उतरवावी लागते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पेटी उतरवणे वेगळे आणि पेटी उघडणे वेगळे. क्लचचे काम करायला पेटी उतरावी लागते, पण उघडावी लागत नाही. बिलात दोन्हींचा खर्च लागला असेल तर का लागला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

घसरणारा क्लच आणि न सुटणारा क्लच

या दोन दोषांची पुष्कळ ठिकाणी गल्लत होते. गेर जड पडला की कोणीतरी म्हणतो, "क्लच प्लेट संपली." प्लेट झिजली तर बहुधा उलटे होते. गेर सहज पडतात, पण चढावर किंवा भरलेल्या गाडीत इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र पुढे जात नाही. जळका वास येतो. हा घसरणारा क्लच. गेर जड पडणे, करकरणे, उभ्या गाडीने पुढे ओढणे ही न सुटणाऱ्या क्लचची लक्षणे. दुखणे पोटाचे आणि औषध डोक्याचे असे होऊ नये म्हणून हा फरक ध्यानात ठेवा.

इंजिन बंद असतानाही गेर जड असेल तर

१) दांड्याची जोडणी. लहान मोटारींत इंजिन व पेटी पुढे आडवी बसवलेली असते आणि दांड्याची हालचाल केबलने किंवा सळीने तिथपर्यंत नेलेली असते. त्या सांध्यांत रबरी किंवा प्लॅस्टिकची बुशे असतात. ती झिजली की दांडा खुळखुळतो, गेर सापडत नाही. केबल गंजली की दांडा जड होतो. इंजिन बंद ठेवून एकाने आत बसून दांडा हलवावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पेटीवरचा हात पाहावा. दांडा पूर्ण जातो आणि पेटीवरचा हात अर्धाच सरकतो, तर दोष मधल्या जोडणीत. जीपच्या जातीच्या पुष्कळ गाड्यांत दांडा थेट पेटीवरच बसलेला असतो, त्यात केबलचा प्रश्न येत नाही. तिथे दांड्याच्या बुडाची बुशे आणि चिखलाने भरलेले रबर पाहावे.

२) इंजिनाची फाउंडेशन. इंजिन ज्या रबरांवर बसते ती फाटली की इंजिन जागचे हलते. गाडी उभी असताना गेर ठीक पडतात, पण भरलेली गाडी ओढताना अडतात किंवा गेर आपोआप निसटतो. अशा वेळी फाउंडेशन पाहायला विसरू नका.

३) पेटीतले तेल. गाडी सपाट जागी उभी करून पेटीच्या बाजूचा बोल्ट काढतात. सर्वसाधारण गाड्यांत तेल त्या भोकाच्या काठापर्यंत हवे. कमी असेल तर गळती शोधा. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजा. नाल्याच्या पुरातून गाडी काढली असेल तर हे होऊ शकते. ते तेल ताबडतोब बदला. खालच्या बोल्टला काही गाड्यांत चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचे बारीक लोण्यासारखे थर असतील तर ती नेहमीची झीज. चमकणारे कपचे किंवा दाताचे तुकडे निघाले तर मात्र पेटी उघडावीच लागेल.

तेलाची जात ही फार महत्त्वाची. "घट्ट तेल टाका, आवाज बंद होतो" असा सल्ला कोणी देतो आणि पेटीत १४० नंबरचे तेल भरले जाते. मग पौष महिन्याच्या थंडीत पहाटे दांडा हलत नाही. दुसरे असे, की गेर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. मोठा आकडा म्हणजे चांगले तेल असे नाही. जीएल-५ मधली जास्तीची रसायने मुख्यतः मागच्या डिफरन्शियलच्या दातांसाठी असतात. काही तेलांतली ती रसायने पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, आणि फार निसरड्या तेलात रिंगची पकडही कमी होते. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आणि जी जात दिली आहे, तेच तेल भरा.

४) पेटीच्या आतले दोष. बाहेरचे सगळे तपासून झाले, तेलही बरोबर आहे, तरीही जड आहे, तर काटा वाकणे, कडे झिजणे, सिंक्रो रिंग चिकटणे अशी कारणे उरतात. पहिला आणि दुसरा असे जोडीचे दोन गेर एकदम जड झाले तर त्या जोडीचा काटा किंवा कडे यावर संशय घ्यावा, कारण बहुतेक पेट्यांत एक काटा दोन गेर सांभाळतो.

एकच गेर करकरत असेल तर

चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा फक्त तिसरा गेर करकरतो, बाकीचे गुण्यागोविंदाने पडतात. अशा वेळी क्लचला दोष देता येत नाही. क्लच खराब असता तर सगळ्याच गेरांना त्रास झाला असता. मग सिंक्रो रिंगची परीक्षा जुन्या ट्रकवाल्यांच्या रीतीने करा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्यातून तिसऱ्यात येताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि तिसरा टाका. याला डबल क्लच म्हणतात. या रीतीने गेर गुमान पडला आणि साध्या रीतीने करकरला, तर वेग जुळवण्याचे रिंगचे काम आता आपण पायाने करतो आहोत. म्हणजे रिंग झिजली. पेटीचे काम निघेल तेव्हा निघेल, पण तोवर डबल क्लच करून गाडी चालवली तर दात शाबूत राहतात.

थंडीतल्या पहाटे पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गेर थोडा जड लागला आणि पेटी तापल्यावर ठीक झाला, तर घाबरण्याचे कारण नाही. तेल गार असते म्हणून तसे होते. उलट गाडी तापल्यावरच गेर जड होत असतील, तर क्लचकडे आणि त्याच्या तेलाकडे लक्ष द्या.

एक उदाहरण

नाव-गाव कोणाचे नाही, पण असे प्रसंग घडतात म्हणून समजा. एका शेतकऱ्याची पिकअप आठ दिवसांपासून गेर घेईना. घरचा मुलगा दोन्ही हातांनी दांडा दाबून गेर टाकू लागला. गॅरेजला नेली तर बाहेरूनच निकाल मिळाला.

"गेर बॉक्स खोला लागते काका. रिंगा गेल्या."

"काऊन बापा? कोन्ता गेर करकरते ते तं पाह्य."

"सारेच करकरतात ना."

इथेच थांबायला हवे. सगळेच गेर एकदम जड झाले, तर चार-पाच रिंगा एकाच आठवड्यात कशा जातील? इंजिन बंद करून पाहिले तर गेर अलगद पडतात. पेडल तीनदा मारून पाहिले तर गेर पडतो. स्लेव्ह सिलिंडरखाली बोटाला ओल लागते. दोष सापडला. रबराचा किट आणि हवा काढण्याची मजुरी, काम शेकड्यांत संपते. पेटी उघडली असती तर हजार मोजून झाले असते आणि दोष जिथल्या तिथे राहिला असता.

आणखी एक नुकसान आहे, ते लवकर दिसत नाही. आठ दिवस दोन्ही हातांनी दाबून गेर टाकले, त्यात चांगल्या रिंगा झिजल्या, काट्यावर ताण आला. क्लचचा लहान दोष जोराने पेटीचा मोठा दोष होतो. म्हणूनच सुरुवातीला म्हटले, जोर लावू नका.

मिस्त्रीला काय सांगावे?

आपल्याकडचे मिस्त्री हाताचे कुशल आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण डॉक्टरला रोग्याने लक्षण नीट सांगावे लागते, तसेच इथे. कागदावर एवढे लिहून न्या :

इंजिन बंद असताना गेर कसे पडतात, चालू असताना कसे पडतात.
कोणते गेर जड आहेत, सगळे की एखादाच.
गाडी गार असताना जास्त की तापल्यावर जास्त.
पेडल तीन-चारदा मारल्यावर फरक पडतो का.
गेर नुसता जड आहे, करकरतो आहे की निसटतो आहे.
अलीकडे काय काम झाले, कोणते तेल भरले, गाडी पाण्यातून गेली का.

बदललेला जुना भाग मागून घ्या आणि कुठे झिजला ते विचारा. चांगला मिस्त्री ते आनंदाने दाखवतो.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पेटीत सिंक्रो रिंग नसते. ते उभे करूनच गेर बदलायचे असतात. ऊस भरलेली ट्रॉली मागे असताना उतारावर क्लच दाबून, गेर काढून ट्रॅक्टर सोडणे हा तर जिवाशी खेळ. सुटलेल्या ट्रॅक्टरला पुन्हा गेर सापडत नाही आणि ट्रॉलीचा भार नुसत्या ब्रेकला आवरत नाही. उताराच्या आधीच लहान गेर टाका आणि त्याच गेरात खाली उतरा. इंजिन बंद आणि चालू ही परीक्षा ट्रॅक्टरलाही तशीच लागू आहे. पेडलची मोकळी चाल ट्रॅक्टरमध्ये विशेष सांभाळावी, कारण रोटाव्हेटरच्या कामात क्लचचा वापर फार होतो.

रोजच्या सवयी

क्लचच्या पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नका. गेरच्या दांड्यावर हाताचा भार टाकून बसू नका, तो भार आत काट्यावर जातो. वजनकाट्याच्या रांगेत गाडी गेरात ठेवून क्लच दाबून तासन् तास बसू नका, न्यूट्रल करून पाय मोकळा ठेवा. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, ब्रेक वापरा. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबवा आणि क्षणभर थांबा. क्लच वायरची गाडी असेल तर एक जादा वायर नेहमी गाडीत ठेवा. सुगी सुरू होण्याआधी पेटीचे तेल, क्लचचे तेल आणि मोकळी चाल एकदा पाहून घ्या. उसाला पाणी कधी द्यायचे ते आपण पान पाहून ओळखतो, पान वाळण्याची वाट पाहत नाही. गाडीचेही पान पाहायला शिकले पाहिजे.

घरात जो कोणी गाडी चालवतो, मुलगा असो, सून असो, त्याला-तिला ही इंजिन बंद-चालूची परीक्षा एकदा अंगणात करून दाखवा. दुरुस्ती मिस्त्री करील, पण दोष कुठे आहे ते मालकाला कळलेच पाहिजे. एवढे कळले तर उसाच्या बिलातला पैसा नको त्या दुरुस्तीत जाणार नाही, आणि रात्रीच्या वेळी अकोल्याच्या रस्त्यावर गाडी दगा देणार नाही.